चौकटीत न मावलेली सावत्र आई

४ जानेवारी १९९४

ही डायरी मुलाच्या, म्हणजे विश्वजीतच्या, कंपनीची. दरवर्षी येते आणि कोरीच रद्दीत जाते. यंदा मी ठेवून घेतली, कारण मनातली चडफड ऐकायला घरात कुणी नाही. मुलगा कामावर, नात पहिलीत, आणि बाकी चार भिंती.

आज आनंदाशेठच्या छापखान्यात गेले होते. शेठ मूळचे विचुंब्याचे. शेतं सरकारी प्रकल्पात गेली, पैसा आला, आणि त्यातून जुन्या पनवेलात लग्नपत्रिका छापायचं मशीन आलं. आता त्यांना लहान मुलांची चित्रांची पुस्तकं काढायची आहेत. मुंबईच्या कुणा व्यापाऱ्याकडून त्यांनी परदेशी परीकथांच्या चित्रांच्या फिल्म आणल्यात. चित्रं जशीच्या तशी छापायची. प्रत्येक चित्रात एक पांढरी चौकट मोकळी सोडलेली असते, तिच्यात आपण आपलं मराठी भरायचं.

"बाई, तुमी सगला जल्म शालेत काढला," शेठ म्हणाले. "पोरांना कसा सांगायचा ता तुमाला ठावं हाय."

नमुन्याची पानं पाहिली. सगळी पोरं गुलाबी, साल निघाल्यासारखी. राजपुत्राच्या ओठांना लाली. हरणाच्या डोळ्यांना पापण्या. शेठ बोटाला थुंकी लावून पान उलटत होते आणि अंगठ्यावरचा तंबाखू राजकन्येच्या झग्याला लागत होता. मी रुमाल नाकाला लावला, तर म्हणाले, शाईचा वास हाय बाई, सवय होईल.

तरी मी हो म्हटलं. कव्हरवर नाव घालतो म्हणाले. जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेले धडे शिकवले, माझं नाव हजेरीच्या वहीपलीकडे कुठे गेलं नाही. 'शब्द : वसुंधरा' असं छापलेलं डोळ्यांपुढे आलं आणि मी हरखले. त्याचाच मग घरी येईपर्यंत राग येत राहिला.

९ जानेवारी

पहिली गोष्ट विषारी सफरचंदाची. राणी मरते, राजा दुसरी करतो, ती दुसरी सोन्यासारख्या पोरीच्या जिवावर उठते आणि म्हातारीचं सोंग घेऊन तिला विष घातलेलं फळ खायला देते. शाळेत मी ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली. पोरं श्वास रोखून ऐकत. या पुस्तकातलं इंग्रजी मात्र निव्वळ गुळचट. राणीला 'थोडा राग आला' म्हणे. थोडा राग आला तर माणूस चहा नको म्हणतो, विष नाही कालवत.

चौकटीही एवढ्याशा, की एका वाक्यात आई मारावी लागते.

नात सई माझी परीक्षक. ती माझ्याच खोलीत झोपते, वल्लरी गेल्यापासून. वल्लरी म्हणजे माझी सून. दोन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि गेली. सईला चित्रांचे कागद पुढ्यात धरून मी वाचून दाखवते. चौकटीत मावत नाही ते तोंडाने घालते. पोर एवढी रंगून जाते की तिला वाटतं सगळं तिथेच लिहिलंय. 'काना-मात्रा आले की मीच वाचेन,' म्हणते. मी म्हटलं, वाच हो.

१४ जानेवारी

संक्रांत. आणि तिळगुळाबरोबर हे.

विश्वजीतनं संध्याकाळी एका बाईला घरी आणलं. अरुंधती नाव. कळंबोलीच्या लोखंड बाजारात कुठल्याशा ऑफिसात हिशोब बघते. चौतिशी उलटलेली, लग्न झालेलं नाही. हसली की वरच्या हिरड्या दिसतात. तिळगूळ खाऊन झाल्यावर बोटं चाटली, चक्क माझ्यासमोर, आणि त्याच हातानं सईच्या गालाला हात लावला. मी सईला तोंड धुवायला पाठवलं.

ती गेल्यावर विश्वजीत म्हणाला, "आई, फेब्रुवारीत नोंदणी करायचं ठरवतोय. सईला कुणीतरी पाहिजे ना."

मी म्हटलं, "सईला आहे कुणीतरी."

तो ताटल्या उचलून आत गेला. त्याच्या बापासारखाच, भांडण नको म्हणून गप्प बसणारा. असल्या माणसांचा मला वीट येतो.

२१ जानेवारी

छापखान्यात कडाक्याचं वाजलं. शेठनी मजकूर घरी नेला होता, त्यांच्या बायकोनं, भामाबाईनं तो मुलाकडून वाचून घेतला आणि हट्ट धरला की 'सावत्र आई' हा शब्द पुस्तकात नको.

"का नको? गोष्टच तिची आहे."

"बाई, माझ्या पोराची, हितेशची आई तो लहान असतानाच गेली. त्याला वारवला, ल्हानाचा मोठा केला भामानं," शेठ म्हणाले. "रात बोलत होती, असला पुस्तक मी माझ्या नातवांना देनार नाय. चेटकीण लिवा ना. चेटकीणीला काय वाईट वाटनार नाय."

भामाबाई तिथंच बाजूला बसून पत्रिकांना हळद लावत होत्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला त्या हळदीच्या बोटांची, त्या सगळ्या समजूतदारपणाची शिसारी आली. कुणाच्या घरात कुणाला लागेल म्हणून गोष्टी बदलत बसायचं तर मग सगळीच पानं कोरी छापा. मुलांना खरं कळलं पाहिजे. जग गुलाबी नाही हे त्यांना सांगणार कोण?

हे सगळं मी बोललेसुद्धा. शेठ म्हणाले, मग दुसऱ्या कोनाचा नाव घालतो.

मान डोलावून आले. चेटकीण तर चेटकीण. पण सईला मी खरी गोष्टच वाचून दाखवणार. घरात तरी भेसळ नको.

११ फेब्रुवारी

झालं लग्न. कोर्टातल्या त्या खोलीत पंखा बंद, कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या. सह्या, हार, पेढे. पेढ्यांना बुरशीचा वास होता, मला तरी आला.

घरी आल्यावर पाहिलं तर अरुंधतीच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर काळ्या दोऱ्यात चांदीचा टाक. पहिली बायको गेलेली असली की दुसरीच्या गळ्यात तिच्या नावाचा टाक घालायची जुनी रीत. मी काही तसलं करायला सांगितलं नव्हतं. तिच्या आईनं करून घेतला म्हणे. म्हणाली, "वल्लरीताईंचा मान त्यांना राहू दे." ताई! जन्मात तोंड पाहिलं नाही आणि ताई.

हे असलं गोड गोड मला बघवत नाही. उद्यापासून हीच बाई माझ्या ओट्यावर कांदा चिरणार.

१५ फेब्रुवारी

न्हाणीघराच्या जाळीत लांब केसांचा गुंता. माझे केस पांढरे आणि सईचा बॉबकट, तेव्हा विचारायची गरज नाही. काडीनं ओढून काढला. जेवण गेलं नाही.

दुपारी सईनं विचारलं, "आजी, त्यांच्या गळ्यात काय आहे?" तिला अजून काय म्हणावं ते सुचत नाही, 'त्यांच्या' म्हणते. मी टाकाची रीत सांगितली. म्हटलं, ती तुझी आई. आता तिच्या गळ्यात असते.

सईनं चिमटीत टाकाएवढं अंतर धरून पाहिलं. मग म्हणाली, "त्यांनी आईला एवढं छोटं केलं?"

पोरांची कल्पनाशक्ती बघा. असली वाक्यं मला सुचायला हवीत. मी हसले आणि दाण्याचा लाडू दिला. उगाच रीतिरिवाज समजावत बसून तिचं डोकं कशाला शिणवा.

२४ फेब्रुवारी

अरुंधती पहाटे उठून सईचा डबा करते. पोळीचा रोल, सफरचंदाच्या फोडी, कधी शिरा. डबा रिकामा येतो म्हणून तिचा आनंद गगनात मावत नाही. "आई, आज पण सगळं संपवलं हं सईनं." हिरड्यांसकट हसून सांगते. मला वाटलं होतं सई तोंड वाकडं करेल. मला झोंबलं, खोटं कशाला बोलू. पोर इतक्यात फिरली?

संध्याकाळी सफरचंदाचं पान पुन्हा वाचून दाखवलं. सावत्र आईनं किती गोड हसून फळ पुढं केलं, ते जरा रंगवून. सईनं माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "आजी, तू मला सोडून जाऊ नको." बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

४ मार्च

घरात वास येतोय. कुबट, आंबूस. उंदीर मेला असेल म्हणून विश्वजीतनं माळा पालथा घातला, काही नाही. माझं म्हणणं सरळ आहे. ओला फडका दोरीवर न टाकता गोळा करून ठेवायची सवय असलेली बाई घरात आली की घराला वास येणारच. तसं बोलूनही दाखवलं. अरुंधतीनं सगळे फडके उकळत्या पाण्यात टाकले, मोरी फिनेलनं धुतली. वास तसाच.

रात्री माझ्या खोलीत तर उभं राहवत नाही. उदबत्ती लावते. मोगऱ्याची उदबत्ती आणि तो वास मिसळून जे होतं ते त्याहून भयंकर.

९ मार्च

टाक हरवला. अरुंधती आंघोळीच्या वेळी काढून खिडकीत ठेवते, तिथून गेला. दिवसभर घर धुंडाळत होती, कचऱ्याचा डबा उलटा करून हातानं चाचपला. बघवेना मला. रडून लाल झालेल्या डोळ्यांनी म्हणाली, "मला फार वाईट वाटतंय, आई."

मी म्हटलं, "अडचण होत असेल तर गेला ते बरंच झालं."

तिला अर्थ कळला. ती आत गेली. विश्वजीत माझ्याकडे बघत राहिला. बघू दे. चार दिवस मिरवला आणि आता टाकून दिला, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही.

१८ मार्च

सईला शाळेत चक्कर आली. प्रार्थनेला उभी असताना कोसळली. निरोप आला तेव्हा घरी मी एकटीच. रिक्षात बसेपर्यंत पायातली एक चप्पल कुठे पडली कळलं नाही. सई शिक्षकांच्या खोलीत बाकावर निजली होती, ओठ पांढरे. माझी पोर.

डॉक्टर म्हणाले, पोटात अन्नच नाही. वजन उतरलंय. हिला जेवण जात नाही का?

मी अरुंधतीकडे बोट केलं. ती ऑफिसातून धावत आली होती, घामाचा वास येत होता. म्हणाली, "डबा तर रोज रिकामा येतो." डॉक्टरांनी नुसत्या भुवया उडवल्या.

रात्री मी विश्वजीतला स्पष्ट सांगितलं. सईला या बाईच्या हातचं मानवत नाही. तुम्ही दोघं कळंबोलीत तिच्या ऑफिसजवळ घर बघा. सई इथे माझ्याजवळ राहील. तुम्ही रविवारी येत चला. तो नाही म्हणाला नाही. नुसता म्हणाला, "आठ दिवस दे मला." म्हणजे झालंच. त्याचं 'आठ दिवस' म्हणजे होकार, हे मी त्याच्या लहानपणापासून ओळखते.

मला सई पाहिजे. बाकी कुणाचं काय व्हायचं ते होवो. हे इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठं बोलता येत नाही. सकाळी ती उठून 'आजी' म्हणून हाक मारते, तेवढ्यासाठी मी उठते.

२४ मार्च

लिहू की नको असं होतंय. हात तीनदा साबणानं धुतले तरी वास जात नाही.

दुपारी अरुंधती सुट्टी घेऊन घरी होती. म्हणाली, आई, तुमच्या खोलीतच वास जास्त आहे, एकदा पलंग सरकवून बघू या का? मी म्हटलं बघ. माझ्या खोलीत काही सापडणार नाही याची मला खात्री होती. पलंगाखाली भिंतीकडेला माझी लोखंडी पेटी असते. ती तिनं ओढली.

पेटीमागे सगळं होतं. पोळीचे रोल, काळे पडलेले, केस आल्यासारखी बुरशी. सफरचंदाच्या फोडी, तपकिरी पाणी सुटलेलं, त्यात अळ्या. शिऱ्याचा गोळा, त्याला मुंग्या. वहीच्या कागदात गुंडाळून गुंडाळून मागे सारलेलं, थरावर थर. महिन्याभराचा डबा माझ्या उशाखाली कुजत होता आणि मी वर उदबत्ती लावत होते. मला मोरीपर्यंतसुद्धा जाता आलं नाही, दारातच ओकले.

अरुंधतीनं पदर खोचला आणि नुसत्या हातानं ते उचललं. तोंडावर ना रुमाल, ना काही. एक एक पुडी उघडून बघत होती. मी ओरडले, अगं, बघतेस काय, टाक ते. ती म्हणाली, "हा सोमवारचा रोल. यात मी मनुका घातल्या होत्या." आणि मग खाली बसली आणि रडायला लागली, ते बरबटलेले हात तसेच पुढं धरून.

सगळ्यात आत पलंगाच्या पायापाशी कुंकवाची रिकामी डबी होती. तिच्यात टाक. टाकाभोवती भाताची शितं, काही वाळलेली, काही ताजी.

सई शाळेतून आली. विश्वजीतलाही फोन करून बोलावून घेतलं होतं. त्यानं तिला मांडीवर बसवून विचारलं. ती आधी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्या फळात विष घालतात. आजीनं वाचलंय. त्यांनी आईला छोटं करून गळ्यात बांधलं होतं. मी सोडवलं. आईला भात देते, पण ती मोठीच होत नाही."

 अरुंधती माझ्याकडे वळली. "आई, तुम्हीच तिला सांगा ना, ती नुसती गोष्ट आहे. माझं ती ऐकणार नाही. तुमचं ऐकेल."

मी म्हटलं, "गोष्ट काय मी रचली? जगभर आहे तीच मी वाचली."

विश्वजीत उठला. म्हणाला, "आई, आजपासून सई आमच्या खोलीत झोपेल. आणि घर बघायचं झालं तर तिघांसाठी बघेन." आवाज चढवला नाही. तसं बोलायला तो कुठे शिकला कोण जाणे.

गोष्टीचा दोष माझ्या माथी. लांडगे, चेटकिणी, सावत्र आया काय मी जन्माला घातल्या? पण डोळे मिटले की त्या भाताच्या शितांची डबी दिसते.

२ एप्रिल

खोली रिकामी वाटते. पलंगाची सईची बाजू गार. चुना मारून घेतला, वास गेला.

सई आता थोडं थोडं जेवते. अरुंधती तिच्यासमोर बसून एकाच ताटातलं आधी स्वतः खाते, मग सई. टाक आता देव्हाऱ्यात ठेवलाय. अरुंधतीनं सईला तिथं नेऊन वल्लरीचा फोटो दाखवला, आजारपणाचं सगळं सांगितलं, दवाखाना, ताप, शेवटचा दिवस. मी दाराआडून ऐकत होते. मला वाटलं, लहान पोरीला हे कशाला? असलं उघडंवाघडं सांगतात का कुणी?

सईनं माझ्याशी बोलणं सोडलेलं नाही. फक्त गोष्ट सांग म्हणत नाही. मी आपणहून दोनदा विचारलं. 'नको आजी,' म्हणाली, अगदी मोठ्या माणसासारखं.

११ एप्रिल

पाडवा. आनंदाशेठ स्वतः पुस्तकं घेऊन आले, पुड्याला हळदकुंकू लावून. भामाबाईही आल्या होत्या. कव्हरवर माझं नाव आहे. खाली, उजवीकडे, राजपुत्राच्या घोड्याच्या खुरांमध्ये. रंग सांडून सगळ्यांची तोंडं आणखीनच गुलाबी झालीत. एका पानावर राणीचे ओठ गालावर छापले गेलेत. मी तेच नाव पाहण्यासाठी तीन महिने तळमळले, आणि पाहिल्यावर आंघोळ करावीशी वाटली.

भामाबाईंनी सईला जवळ घेतलं. अरुंधतीला म्हणाल्या, "पोर अशक्त दिसतेय बाय. तुजी काय?" अरुंधती म्हणाली, "हो, माझी." सईनं तिच्या हातातला हात सोडवून घेतला नाही.

मी चहा टाकायला आत गेले.

१३ एप्रिल

सईचे काना-मात्रा, वेलांट्या झाल्या आहेत. जिथं दिसेल तिथं वाचत सुटते, दुकानांच्या पाट्या, काडेपेटी, औषधाची बाटली. आज पुस्तक घेऊन दिवाणखान्यात पालथी पडली आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागली. मी पेपर वाचत होते. अरुंधती स्वयंपाकघराच्या दारात भाजी निवडत होती.

"चे-ट-की-ण. चेटकीण आरशाला म्हणाली." पान उलटलं. "चेटकीण हसली." पुन्हा उलटलं. मग मागे गेली. पुन्हा पुढे आली. प्रत्येक चौकटीवर बोट फिरवलं.

"आजी, यात सावत्र आई कुठाय?"

मी म्हटलं, शेठनी शब्द बदलला.

"पण हेच चित्र होतं ना. तू वाचायचीस तेव्हा पण हेच होतं. तू कुठून वाचायचीस?"

खरी गोष्ट पूर्वी वेगळी होती, पुस्तकात सगळं मावत नाही, वगैरे मी सांगायला लागले. शाळेत वर्षानुवर्षं पोरांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, माझी कधी त-त-प-प झाली नाही. सई ऐकत नव्हती. ती फळ देण्याच्या पानावर थांबली होती. त्या चित्रात पांढऱ्या केसांचा अंबाडा घातलेली म्हातारी आहे, अंगावर शाल, पुढे केलेल्या हातात फळ. हसते आहे.

"ही तर आजी आहे," सई म्हणाली.

"अगं, ती चेटकीण. आजीचं सोंग घेतलंय तिनं."

सईनं चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत चित्राकडे. पुस्तक मिटून ती उठली आणि अरुंधतीच्या शेजारी भाजी निवडायला जाऊन बसली. मला वाटलं अरुंधती आता काहीतरी बोलेल, तिला तो हक्कच होता. तिनं नुसती मेथीची जुडी मधोमध सरकवली.

इतकी घाणेरडी चित्रं काढणाऱ्याचे हात मोडायला हवेत. म्हाताऱ्या बाईचं असलं तोंड काढतात का?

१७ एप्रिल

विश्वजीतनं नेऱ्याकडच्या कुणा ओळखीच्याकडून आंबे आणले, यंदाचे पहिले. सईचा जीव आंब्यावर. मी मुद्दाम तिच्यासाठी एक बाजूला ठेवला होता. सगळे जेवायला बसल्यावर तो स्वतः धुतला, कापला, फोडींवर सुरीनं चिरा पाडल्या, तिला आवडतात तशा, आणि ताटली तिच्यापुढे ठेवली.

ती खाईना. दोन्ही हात मांडीवर ठेवून ताटलीकडे बघत बसली. मी म्हटलं, "खा ना राणी, तुझ्यासाठीच आहे." बोलताना मी हसत होते. ते तिच्या डोळ्यांत मला दिसलं आणि हसू कुठं ठेवावं ते कळेना.

सईनं एका बोटानं ताटली माझ्याकडे सरकवली.

"आजी, आधी तू खा."

विश्वजीतचा घास हातातच राहिला. अरुंधती म्हणाली, "सई, असं नाही म्हणायचं आजीला. ती तुझी आजी आहे." तिच्या आवाजात माझी कीव होती. तिनं माझी बाजू घेतली, ते मला सगळ्यात असह्य झालं.

मी फोड उचलली आणि खाल्ली.  सई माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती. गिळून झाल्यावरही थोडा वेळ बघत राहिली.

मग तिनं मान वळवून अरुंधतीला विचारलं, "खाऊ?"

अरुंधतीनं मान डोलावली, तेव्हा तिनं आंब्याला हात लावला.